खुणांची भाषा आणि आपला मजकूर

तलासरी तालुक्यातील झरी गावी 1945 साली वारली शेतकऱ्यांनी वेठबिगार न करण्याचा निर्धार केला. त्या काळी जमीनदाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्यास कागदात काय आहे ते कळत नसे. आज कागदाची जागा पुष्कळ ठिकाणी संगणकावरील पानाने घेतली आहे. ते वाचावयास आपण शिकत आहोत. पण लिहावयाचे कोणी? ते आपणही लिहू शकतो, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

ही पाने एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहितात. मजकूर मराठीत राहतो; खुणांची नावे मात्र इंग्रजी अक्षरांत असतात. गणितातील 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' ही चिन्हे घ्या व त्यांच्यामध्ये खुणेचे नाव लिहा. मथळ्याची खूण एच आणि 1, परिच्छेदाची पी, यादीची यूएल, यादीतील प्रत्येक कलमाची एलआय. मजकूर संपला की तीच खूण पुन्हा लिहावयाची. फक्त नावाआधी तिरकी रेघ द्यावयाची.

समजा, डहाणूच्या चिकूवाड्यांतील मजुरांसाठी किमान वेतनाची सूचना काढावयाची आहे. बरेच जण छापील सूचनेचे छायाचित्रच चढवतात. मग लहान फोनवर अक्षरे वाचवत नाहीत, शब्द शोधता येत नाही आणि अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारी यंत्रणा सहसा मुकी राहते. तोच मजकूर खुणांनी लिहिला तर ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे मोडतात, शोध लागतो, मथळा कोणता व दर कोणते हे ऐकणाऱ्यासही कळते. खूण म्हणजे सजावट नव्हे. मथळा मोठ्या अक्षरांत दिसतो हा परिणाम. 'हा मथळा आहे' असे सांगणे, हे खुणेचे काम. छायाचित्र द्यावयाचेच असेल तर त्यात काय आहे ते 'ऑल्ट' या नोंदीत शब्दांनी लिहावे.

दोन गोष्टी विसरू नयेत. पानाच्या शिरोभागात यूटीएफ-8 हा लिपिसंकेत नोंदवावा. नाहीतर देवनागरीची अक्षरे विचित्र चिन्हांत बदलण्याचा संभव असतो. दुसरे, भाषा मराठी आहे हे 'एमआर' या संकेताने सांगावे, म्हणजे वाचणारी यंत्रणा मराठी उच्चार निवडू शकते.

या भाषेला मालक नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत 1989 साली या जाळ्याची कल्पना मांडली, आणि 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने त्याची मूळ प्रणाली सर्वांना विनामूल्य खुली केली. पान जगापुढे ठेवण्यास जागेचे भाडे पडू शकते. शिकण्यास मात्र साधा नोटपॅडही पुरतो. मजकूर लिहावा, नावाच्या शेवटी टिंब देऊन एचटीएमएल जोडावे, धारिका उघडून पाहावी. चुकलेली खूण दुरुस्त करून पुन्हा पाहावी. आपल्या गावच्या ग्रामसभेची सूचना हा पहिल्या धड्यासाठी उत्तम मजकूर होय.