संगणकाची रोजकीर्द उघडेना तेव्हां

परभणी जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत वालूर नांवाचें गांव आहे. चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या जुन्या बारवेबद्दल तें प्रसिद्ध आहे. ही बारव गाळानें व कचऱ्यानें भरून गेली होती. चालू शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभीं गांवकऱ्यांनीं ती उपसून मोकळी केली. बिघडलेली वस्तु मोडून टाकण्यापूर्वीं तिच्यांतील गाळ काढून पाहावा, हा त्यांतला धडा आहे. आणि तो आज आम्ही अगदीं निराळ्या वस्तूस, म्हणजे घरांतील संगणकास, लावून पाहणार आहों.

वालूरसारख्या गांवींही संगणक आतां माजघरापर्यंत आला आहे. मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे कागद, लग्नामुंजींचीं छायाचित्रें, सारें त्यांत सांठलेलें असतें. दुरुस्त करणारा मात्र सेलूस किंवा परभणीस. यंत्र अडलें कीं कोणीतरी उतावीळपणें म्हणतो, "सगळें पुसून विंडोज नव्यानें घाला!" पुसण्याबरोबर घरचे कागदही जातात, हें पुष्कळदां मागाहून कळतें. म्हणून एकच उदाहरण घेऊन त्याचा क्रमवार विचार करूं.

विंडोज प्रणालींत 'इव्हेंट व्ह्यूअर' नांवाचें एक साधन मुळांतच दिलेलें असतें. १९९३ सालच्या विंडोज एनटीपासून तें चालत आलें आहे. आपल्या पेढीवरील रोजकीर्दीप्रमाणें यंत्रांत कोणत्या क्षणीं काय घडलें, काय अडलें, याची त्यांत नोंद होते. बिघाड शोधण्याची ही वहीच जर उघडेना, तर काय करावें?

प्रथम पडद्यावर येणारें वाक्य जसेंच्या तसें कागदावर उतरून घ्यावें. खिडकी मुळींच येत नाहीं, येऊन लगेच मिटते, कीं येते पण कोरी राहते, हे तीन निरनिराळे रोग आहेत. नुसतें 'उघडत नाहीं' म्हटल्यानें कोणाही वैद्यास निदान करतां येणार नाहीं.

नंतर यंत्र 'रीस्टार्ट' करावें. 'शट डाऊन' करून पुन्हां चालू करणें म्हणजे तेंच, असा सार्वत्रिक समज आहे; पण तो बरोबर नाहीं. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून जलद सुरू होण्याची जी सोय आली, तिच्या योगें बंद करतांना प्रणालीच्या गाभ्याची स्थिति जपून ठेवली जाते व पुढच्या वेळीं तीच उचलली जाते. 'रीस्टार्ट'नें मात्र प्रणाली खरोखर नव्यानें उभी राहते.

तरीही अडलें तर दुसऱ्या दारानें जाऊन पाहावें. विंडोजची खूण असलेली कळ आणि 'आर' ही कळ एकदम दाबली कीं एक लहान चौकट येते. तींत ई, व्ही, ई, एन, टी, व्ही, डब्ल्यू, आर हीं इंग्रजी अक्षरें सलग लिहावीं. या वाटेनें वही उघडली, तर दोष वहीचा नसून नेहमींच्या वाटेचा आहे असें समजावें.

पुढची पायरी एकत्र कुटुंबास विशेष सोयीची आहे. त्याच यंत्रावर घरांतील दुसऱ्या कोणाचें खातें असेल, तर त्यांतून वही उघडून पाहावी. तेथें ती उघडली, म्हणजे प्रणाली शाबूत असून पहिल्या खात्याची मांडणी बिघडली आहे. ही मांडणी त्या खात्याच्या 'ॲपडेटा' कप्प्यांत, 'रोमिंग', 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'एमएमसी' अशा क्रमानें आंत गेल्यावर सांपडते. तेथील याच नांवाची फाईल पुसूं नये. तिचें नांव तेवढें बदलून ठेवावें. यंत्र नवी फाईल आपोआप तयार करतें.

सर्वच खात्यांतून अडत असेल, तर 'सर्व्हिसेस' या यादींत 'विंडोज इव्हेंट लॉग' ही सेवा चालू आहे ना, तें पाहावें. ती चालू असूनही अडल्यास व्यवस्थापकाच्या अधिकारानें आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी उघडून 'एसएफसी', मग एक जागा मोकळी, तिरपी रेघ व 'स्कॅननाऊ' असें इंग्रजींत लिहावें. प्रणालीच्या मूळ फाइली तपासून बिघडलेल्या बदलण्याचें काम ही आज्ञा करते. घरच्या कागदांना ती हात लावीत नाहीं. तिला वेळ लागतो, तो द्यावा.

कधीं कधीं दोष आपल्या घरांतला नसतोच. ११ जून २०१९ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजच्या ज्या सुधारणा पाठविल्या, त्यांमुळें याच इव्हेंट व्ह्यूअरमध्यें स्वतः आंखलेलीं दृश्यें उघडतांना चूक येऊं लागली. कंपनीनें तें मान्य करून त्याच महिन्यांत दुरुस्ती दिली. म्हणून बिघाडाच्या आदल्या एकदोन दिवसांत कोणती सुधारणा आली, हें 'अपडेट हिस्टरी'मध्यें अवश्य पाहावें.

आतां वही उघडली कीं एका धोक्याची सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. निरोगी यंत्राच्या वहींतही लाल-पिवळ्या खुणा असतातच. त्या किरकोळ अडथळ्यांच्या असतात. याच खुणांचा ठकांनीं मोठा उपयोग केला आहे. आपण मायक्रोसॉफ्टकडून बोलतों असें सांगून ते फोनवरून ही वही उघडावयास लावीत, खुणा दाखवून भय घालीत आणि दुरुस्तीचे पैसे उकळीत. ऑक्टोबर २०१२ मध्यें अमेरिकेच्या व्यापार आयोगानें अशा सहा टोळ्यांवर कारवाई केली. त्यांतील बहुतेक आपल्या देशांतून चालत होत्या, ही लाजेची गोष्ट होय. घरांतील आजी-आजोबांना एवढें निक्षून सांगून ठेवावें, कीं मायक्रोसॉफ्ट आपण होऊन कोणास असा फोन करीत नाहीं, आणि परक्याच्या सांगण्यावरून यंत्राचा ताबा त्याच्या हातीं कधींही देऊं नये. दुर्दैवानें पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.

इतकें करूनही गुण न आल्यास यंत्र खुशाल तालुक्यास न्यावें. तत्पूर्वीं घरच्या सर्व कागदांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, व ती उघडते कीं नाहीं हें दुसऱ्या यंत्रावर पाहून घ्यावें. मगच कोणास पुसण्याची परवानगी द्यावी. केलेल्या प्रत्येक उपायाची टिपणीही सोबत न्यावी, म्हणजे तेच उपाय पुन्हां करण्यांत कारागिराचा वेळ आणि आपले पैसे जाणार नाहींत.