भाजलेले सोयाबीन आणि कोंबडीचे खाद्य

कला शाखेच्या विद्यार्थ्याने कोंबडीच्या खाद्यावर लेख लिहावा, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु मी लातूर जिल्ह्यातला. आमच्याकडे सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आणि कुक्कुटपालन हा शेतीचा जोडधंदा. २०२१ साली सोयाबीनचा दर क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला, तेव्हा खाद्य महागून कोंबडीवाले हवालदिल झाले आणि केंद्र सरकारने १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. उलट २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असूनही बाजारातील दर त्याखाली राहिले. अशा वेळी, 'माल मातीमोल विकण्यापेक्षा घरच्याच कोंबड्यांना का घालू नये?' असा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात येतो. त्याचे उत्तर 'घालावा, पण भाजून' असे आहे. हा 'पण' समजावून सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढविलेली कोंबडी. सुमारे ४० ग्रॅमचे पिलू सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाते. इतक्या झपाट्याने अंग धरायचे तर सुरुवातीच्या खाद्यात २२ टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. मक्यात ती जेमतेम ८-९ टक्के, आणि त्यातही लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल तोकडे. सोयाबीनमध्ये प्रथिने ३६ ते ४० टक्के व लायसिन भरपूर. आपल्या वरण-भातात डाळ तांदळाची उणीव भरून काढते, तसेच हे नाते आहे. मेथिओनिन मात्र कमी पडते; ते वेगळे मिसळावे लागते. शिवाय अख्ख्या दाण्यात १८ ते २० टक्के तेल असते, त्यामुळे उष्मांकही मिळतात.

मग कच्चा दाणा का चालत नाही? प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिन या पाचकद्रव्याला अडविणारे घटक त्यात असतात. ही तूट भरून काढण्यासाठी पिलाचे स्वादुपिंड जादा पाचकद्रव्ये तयार करीत राहते व सुजते. पोट भरलेले, पण वाढ खुंटलेली! ऑस्बर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच उंदरांवर प्रयोग करून दाखविले होते की, कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजविलेल्यावर वाढतात. उष्णतेने हे अडथळे आणणारे घटक निकामी होतात. तेलगिरणीतील पेंड तेथेच तापवून निघते. म्हणून धोका आहे तो घरच्या कच्च्या दाण्यात.

परंतु जास्त भाजले म्हणजे अधिक चांगले, असे मात्र नाही. दाणा करपला की लायसिन साखरेशी बांधले जाते व पिलाच्या उपयोगी पडत नाही. म्हणजे कच्चेपण आणि करपणे यांच्या मधली वेळ साधायची. दाणा आतपर्यंत सारखा तापावा म्हणून तो सतत हलवावा लागतो. कच्चेपण ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत युरिएजची चाचणी करतात. दाण्यातील युरिएज हे द्रव्य उष्णतेने साधारण त्याच सुमारास नष्ट होते. भरडा युरिया व फेनॉल रेडच्या द्रावणात टाकल्यावर सगळीकडे लाली पसरली, तर भाजणे अपुरे समजावे. लाली अजिबात नसेल, तर कदाचित जास्त भाजले असावे. थोडे लाल ठिपके दिसणे चांगले.

भाव पडला की दाणा स्वस्तात विकायचा आणि तयार खाद्य महागात आणायचे, या फेऱ्यातून थोडेफार सुटायचे असेल, तर भट्टीचा विस्तव आणि ही साधी चाचणी शेतकऱ्याच्या आटोक्यात यायला हवी. पिकाची किंमत बाजार ठरवितो. परंतु त्याचा कस टिकविणे पुष्कळसे आपल्या हाती आहे.