बांगड्याचा वास आणि पेशीतला रखवालदार

संध्याकाळी मालवणच्या बंदरावर उरलेला बांगडा स्वस्त होतो. दुपारभर बर्फाशिवाय टोपलीत राहिलेली ही मासळी वाडीत येते, तिरफळ घालून झणझणीत तिखले होते. जेवून तासभर झाला नाही तोच कुणाचा चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते, छाती धडधडते. घरात कुणी म्हणते अॅलर्जी, कुणी म्हणते दृष्ट लागली. मग मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या जातात. पण अशा वेळी खरे कारण बहुधा टोपलीतच असते.

बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा उष्ण हवेत राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात. त्याच वेळी पुट्रेसिन आणि कॅडाव्हरिन ही आणखी दोन रसायने तयार होतात. आपल्या आतड्यात हिस्टामिन मोडून काढणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम असते. ही दोन रसायने त्याला अडवतात, त्यामुळे हिस्टामिनचा त्रास वाढतो. पुट्रेसिन हे नावच ‘कुजणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. १८८५ च्या सुमारास जर्मन डॉक्टर लुडविग ब्रीगर यांनी कुजलेल्या मांसातून ते वेगळे काढले.

नवल पुढेच आहे. हेच पुट्रेसिन आपल्या प्रत्येक जिवंत पेशीतही असते. पेशी ते स्वतः तयार करते आणि त्यापासून स्पर्मिडिन व स्पर्मिन बनवते. या कुटुंबाला पॉलिअमाइन म्हणतात. ती नसतील तर पेशीची वाढच थांबते.

त्यांचे काम काय? एका पेशीतला डीएनए सरळ पसरला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात मावतो. होडीत जाळे नीट घडी घालून ठेवले तरच ते समुद्रात सुरळीत सुटते, तसेच इथेही आहे. डीएनए आणि आरएनए यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, तर पॉलिअमाइनवर धन. म्हणून ती त्यांना चिकटतात, घडी सांभाळतात आणि कोणता जनुक उघडून वाचला जाईल यावर परिणाम करतात. जनुकाचा निरोप वाचून प्रथिने बनवण्याच्या कामातही स्पर्मिडिन लागते. त्याचा एक तुकडा एका खास प्रथिनाला जोडला गेल्याशिवाय ते प्रथिन कामाला लागत नाही, आणि काही निरोप वाचताना मध्येच अडकतात.

पेशीवर संकट आले की या रखवालदारांची खरी परीक्षा होते. आपल्या खाडीकाठचेच उदाहरण घ्या. बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले की साधे भात पिवळे पडते, पण खार सोसणारे वाण तग धरते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने अशा जमिनीसाठी पनवेल-१, २ आणि ३ ही वाणे दिली. काही वाणे खार कशी सोसतात? आर. कृष्णमूर्ती आणि के. ए. भागवत या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये भाताच्या अनेक वाणांची तुलना करून याचे एक उत्तर दाखवले. खार सोसणाऱ्या रोपांत स्पर्मिडिन आणि स्पर्मिनचा साठा टिकून राहिला. कमकुवत रोपांत पुट्रेसिन साचत गेले आणि बाकीची दोन कमी पडली.

माणसाच्या पेशीतही उपासमार झाली की स्पर्मिडिन मदतीला येते. पेशी आपल्याच आतला मोडका कचरा गिळून त्यातून कामाचे घटक काढते. या क्रियेचा उलगडा केल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. स्पर्मिडिन या साफसफाईला चालना देते.

पण जास्त म्हणजे चांगले, असे नाही. साठा वाढला की पेशी स्वतःच एक प्रथिन तयार करून पुट्रेसिनचे उत्पादन रोखते. कर्करोगात हा लगाम सुटतो आणि गाठीच्या पेशी पॉलिअमाइन वापरून भराभर वाढतात. म्हणूनच पॉलिअमाइनची निर्मिती रोखणारे एफ्लॉर्निथिन हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगासाठी मंजूर झाले.

आता बाजारात ‘तारुण्य टिकवणाऱ्या’ स्पर्मिडिनच्या महागड्या कॅप्सूल आल्या आहेत. इटलीत ८२९ लोकांची वीस वर्षे पाहणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, ज्यांच्या आहारात स्पर्मिडिन जास्त होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. पण ही आहाराची पाहणी होती, कॅप्सूलची नव्हे. शिवाय असे खाणारे लोक इतर बाबतीतही तब्येत सांभाळणारे असू शकतात. कॅप्सूलचे पैसे कडधान्यावर खर्च करा. मूग, चवळी, काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी यांतून स्पर्मिडिन तर मिळतेच, वर प्रथिने आणि लोहही मिळते. घरात कर्करोगाचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी कोणतीही गोळी देऊ नका.

आणि मासळी घेताना एवढे पाळा:

• मासा हाताला थंडगार लागला पाहिजे. बर्फाशिवाय दुपारभर राहिलेला बांगडा फुकट मिळाला तरी घेऊ नका.
• कल्ले लाल आणि डोळे चकचकीत आहेत का, ते पाहा. वास नाही म्हणजे मासा निर्धोक, असे मात्र समजू नका.
• घरी आणल्यावर लगेच साफ करून शिजवा, नाहीतर बर्फात ठेवा. एकदा तयार झालेले हिस्टामिन उकळून, तळून किंवा कोकम-चिंच घालून जात नाही.
• त्रास झाला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कोणता मासा, कधी घेतला आणि कधी खाल्ला ते डॉक्टरांना सांगा. श्वास कोंडला किंवा ओठ, जीभ सुजली तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

त्या रसायनाचे प्रमाण पेशीच्या आत पेशी स्वतः राखते. टोपलीतल्या बांगड्याला मात्र राखणारे कुणी नसते. ते काम बर्फाचे, आणि बर्फ आहे की नाही हे पाहण्याचे काम आपले.