दिल्ली–टोकियो : अंतर एक, वेळा दोन

दिल्लीहून टोकियोला विमान आठेक तासांत पोचते. परतीला साडेनऊ-दहा तास लागतात. (तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नका, जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे.) पृथ्वीगोलावर दोरी ताणून मोजले तर अंतर सुमारे ५,८६० किलोमीटर, जातानाही आणि येतानाही तेवढेच. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो, असे अनेकांना वाटते. पण जमिनीबरोबर हवाही फिरते, आणि विमान मागे राहून पृथ्वी पुढे सरकत असती तर पूर्वेला जाणाऱ्यालाच जास्त वेळ लागला असता. इथे सगळा कारभार वाऱ्याचा आहे.

दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा वाहतो. हाच जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची उष्णता आणि ध्रुवाकडची थंडी यांच्या तफावतीतून तो तयार होतो. हिवाळ्यात सायबेरियाची गारठलेली हवा जपानजवळ समुद्रावरच्या उबदार हवेला भिडते, आणि तिथे वाऱ्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो.

वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने तो चिकाटीने मोजला. टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेतून ते फुगे सोडत आणि फुगा ठिपक्याएवढा होऊन दिसेनासा होईपर्यंत थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून त्याचे कोन टिपत. डिसेंबर १९२४ मध्ये नऊ किलोमीटर उंचीवर त्यांना सेकंदाला ७२ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २६० किलोमीटर वेगाचा वारा सापडला. १९२६ मध्ये त्यांनी अहवाल छापला तो एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत, जगभर वाचला जावा म्हणून. तो जवळपास कुणीच वाचला नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये टोकियोवर चाल करून आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना हाच वारा अनपेक्षितपणे आडवा आला. इतक्या कष्टाने मिळवलेले ज्ञान असे पडून राहिले, याचा चटका बसतो.

जाताना वाचलेला वेळ येताना खर्ची पडून हिशेब बरोबर होतो का? नाही. ६,००० किलोमीटरचा मार्ग आणि विमानाचा वेग ताशी ९०० धरा. वारा नसेल तर जाऊन-येऊन १३ तास २० मिनिटे लागतात. आता ताशी १५० किलोमीटरचा वारा घ्या. जाताना वेग १,०५० होतो, ५ तास ४३ मिनिटे. येताना ७५०, पुरे ८ तास. बेरीज १३ तास ४३ मिनिटे, म्हणजे २३ मिनिटांचा तोटा. कारण विमान वाऱ्याविरुद्ध जास्त काळ उडते, त्याच्या साथीने कमी काळ.

शिवाय ताणलेली दोरी जाते हिमालय आणि तिबेटवरून. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला विमान तातडीने दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावे लागते, आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे सुमारे पंधरा हजार फूट उंच. म्हणून विमाने सहसा म्यानमारवरून चीनच्या युन्नानकडे वळसा घालतात. परतीच्या वाटेवर वाऱ्याचा जोर कुठे कमी आहे तेही पाहिले जाते. थोडे लांबून गेल्याने कधीकधी इंधन आणि वेळ दोन्ही वाचतात. उन्हाळ्यात जेट स्ट्रीम मंदावतो, उत्तरेला सरकतो आणि दोन्ही वेळांमधली तफावत कमी होते.