कुणाची रायफल भारी?

कन्नमवार नगरातल्या एका छोट्या घरात दिवाणावर दोन पेट्या उघड्या पडल्या होत्या. एकीत वॉल्थर एलजी ४००, दुसरीत फाइनवेर्कबाउ ८००. दोन्ही नव्याकोऱ्या. पनवेलची रेंज करून, ठाण्याला गाडी बदलून परतलेल्या दोन मैत्रिणींचा वाद विक्रोळी स्टेशनापासून जो सुरू झाला, तो घरी येऊनही मिटला नव्हता. "तुझा ट्रिगर भारी आहे गं, पण रायफल पुढे ओढते." "ओढते म्हणूनच होल्ड स्थिर राहतो!" गंमत म्हणजे त्या दिवशीचे दोघींचे स्कोअर जवळपास सारखेच होते.

कंपन्यांवरून भांडण्यात फारसा अर्थ नाही. वॉल्थर आणि अनशुट्झ ही दोन्ही नावं मूळची थुरिंगियातल्या त्सेला-मेलिसची. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मुलुख रशियनांच्या ताब्यात गेला आणि दोघांनीही पश्चिम जर्मनीत उल्मला नव्याने दुकान मांडलं. फाइनवेर्कबाउ माउझरच्या गावची, ओबर्नडॉर्फची. यांतली कुठलीही मॅच रायफल व्हाइसमध्ये घट्ट आवळा, तिला मानवणारे पेलेट घाला आणि दहा मीटरवर झाडा. पेलेट एकाच भोकातून गेल्यासारखे जातात. नळी चुकत नाही, चुकतो तो नळीमागचा माणूस.

किती चुकतो, हे मोजता येतं. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, पेलेट साडेचार मिलिमीटरचं. पेलेटची कड ठिपक्याला शिवली की दहा. म्हणजे पेलेटचा मध्य अडीच मिलिमीटर ढळेपर्यंत दहा टिकतो, १०.९ हवा असेल तर मात्र पाव मिलिमीटरच्या आत राहावं लागतं. रायफल मीटरभराहून थोडी जास्त लांब. खांदा जागचा हलला नाही असं धरलं, तरी नळीचं तोंड पाव मिलिमीटरहून जरासं जास्त सरकलं की दहा हातचा गेला. आणि हे पंचाहत्तर मिनिटांत साठ वेळा, उभ्याने, साडेपाच किलोपर्यंतचं वजन पेलत.

म्हणून नव्या रायफलीत आधी बघायचं ते नळीच्या मागचं. बट प्लेट खांद्याच्या खोबणीत बसते का, चीकपीसवर गाल टेकवला की मान न वाकवता डोळा साइटच्या भोकासमोर येतो का, ट्रिगरचं पातं बोटाच्या पेराला सरळ लागतं का. मैत्रिणींपैकी एक पाच फूट, दुसरी तिच्याहून वीतभर उंच. अदलाबदल करून झाडलेल्या शॉट्सवरून रायफलीची परीक्षा करणं म्हणजे शेजारणीचा ब्लाउज घालून शिंप्याला नावं ठेवणं. माझं मत विचाराल, तर दोन ते चार लाख मोजण्याआधी वर्षभर क्लबच्या रायफलीवर उभं राहावं. आपलं शरीर काय मागतं ते तोवर कळत नाही.

इथली नेमबाजी वाढली तीही अशीच, संघटना आणि क्लबांच्या आधाराने. १९५१मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष पुढे लोकसभेचे सभापती झालेले गणेश वासुदेव मावळणकर. आजही राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या पायरीला पोरं नुसतं 'मावळणकर' म्हणतात, "यंदा मावळणकर खेळलीस का?" असं. अंजली भागवत एनसीसीतून वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर पोहोचल्या. स्वतःचं पहिलं किट त्यांना १९९३मध्ये मिळालं, तेही नाना पाटेकरांकडून. नाना स्वतःही नेमबाज. सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी त्यानंतर सात वर्षांनी. सुमा शिरूर यांनी २००४मध्ये क्वालालंपूरला चारशेपैकी चारशे केले आणि २००६मध्ये पनवेलला 'लक्ष्य' क्लब काढला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य घेतलं. त्याच्या शिक्षक वडिलांनी सरावाच्या गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. स्वप्नील तेव्हा मध्य रेल्वेचा टीसी होता, म्हणजे विक्रोळीकरांच्या दृष्टीने घरचाच माणूस.

गोळ्यांचा खर्च रायफलीच्या पावतीवर दिसत नाही. एअर रायफलचे पेलेटही सगळे सारखे नसतात. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१, असा डब्यावर छापलेला असतो. एका नळीला एक मानवतो, तर तिच्याच जुळ्या बहिणीला दुसरा. निरनिराळ्या लॉटचे डबे आणून ग्रुप पाहायचा आणि जमलेला लॉट एकदम भरून ठेवायचा, हे खरं खर्चाचं काम. टार्गेट दहा मीटरवर, शॉटची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल. वीस ज्यूलपर्यंतच्या साडेचार मिलिमीटरच्या हवेच्या रायफलीला आपल्याकडे परवाना लागत नाही, त्यामुळे पेटी घेऊन लोकलने जाता येतं. लोक बघतात, पण ते बघणारच. काडतुसाच्या पॉइंट टू टू रायफलीचं प्रकरण वेगळं, तिथे परवाना आला.

पलीकडे ठाण्यातच प्रिसिहोल आहे. लांब, खोल भोकं पाडणारी यंत्रं बनवणाऱ्या घराण्यातून निघालेली ही कंपनी एअर रायफली बनवते. नळी म्हणजे शेवटी सरळ पाडलेलं खोल भोकच. शिकाऊ पोराला जर्मन रायफलीच्या किमतीच्या छोट्या हिश्श्यात तिथली मिळते. सुरुवातीला ती बरी.

सेकंडहँड घ्यायची असेल, तर पॉलिश आणि स्टिकर सोडून आधी सिलिंडर वाचा. दोनशे बारपर्यंत दाबलेली हवा त्यात असते आणि अंगावर उत्पादनाची तारीख कोरलेली असते. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदतीतला सिलिंडर वापरणं ही स्पर्धेत खेळाडूचीच जबाबदारी. तारीख उलटून गेली असेल, तर नव्या सिलिंडरचे पैसे सौद्यातून आधीच कापून घ्यावेत.