चाकांवरच्या घराला छज्जा

चाकांवरचे घर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सहल उभी राहते; घरमालकाच्या डोळ्यांपुढे मात्र दुरुस्त्या! राज्य सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याच्या नंतर आम्हालाही ही हौस सुचली. आमचे घर म्हणजे मोटारीमागे ओढायचे, दोन खाटांचे, पुढून गोलसर पोटाचे जुनेच खोपटे. त्या पोटावर खिडकी आणि खिडकीखाली आईची खाट. चालत्या घरात माणूस बसवू नये, म्हणून प्रवासात आई मोटारीत असते. मुक्कामाला मात्र ती खाट तिची.

अशा घराचे एक दुखणे आहे. मोटारीच्या मागच्या चाकांतून उडालेला खडा नेमका या खिडकीवर येतो. जळगावहून धुळ्याला जाताना पारोळ्याच्या अलीकडे तसेच घडले. काचेचा चुरा थेट आईच्या उशीवर! आई एवढेच म्हणाली, “पुढच्या खेपेला तुम्हीच जा.” धुळे तिचे माहेर. एका खड्याने ते तोडले म्हणायचे!

उपाय एकच होता. खिडकीवर बाहेरून असे झाकण बसवायचे, की चालताना ढाल आणि थांबल्यावर वर उचलले की छज्जा. पण पोट गोल, म्हणून झाकणही वाकलेले हवे. धुळ्यातल्या एका जाणत्या सुतार मिस्त्रींनी मंत्र दिला, “पहिले लाकूडना कल देखा, भाऊ, मंग वाकाडा.”

चटईच्या काड्या आडव्या धरल्या तर ती वरून खाली सहज गुंडाळते. प्लायवुडचेही तसेच. वाक वरून खाली हवा, तर वरच्या थराच्या रेषा आडव्या ठेवायच्या. एकच जाड फळी वाकवू गेलो तर ती मोडते; म्हणून पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचे ४ मिलिमीटरचे तीन पत्रे घेतले. खिडकीच्या पोटाचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून लाकडी साचा केला, तोही हव्या त्या वाकापेक्षा किंचित जास्त वाकलेला. कारण सोडल्यावर लाकूड थोडे मागे येतेच. साच्यावर प्लास्टिक अंथरले, पत्र्यांमध्ये जलरोधक सरस लावला आणि शिकंजे, सायकलच्या ट्यूबा, वाळूच्या पिशव्या यांनी आवळून चोवीस तास हात लावला नाही. सुटले ते कमानीसारखे ताठ!

ही विद्या थोरामोठ्यांची आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने दुसऱ्या महायुद्धात नौदलातल्या जखमींच्या पायांसाठी अशाच वाकवलेल्या प्लायवुडचे आधार बनवले. त्यांनीच १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला, आपल्या लोट्याची त्यात तोंडभर स्तुती केली, आणि त्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

पाणी शिरते ते कडांतून, म्हणून कडांना रंगाचे तीन हात दिले. वर सलग बिजागरी, खाली दोन कड्या आणि वाऱ्याने झाकण उघडू नये म्हणून एक साखळी. बाहेरून रंग पांढरा. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो. छज्जा ते काचेवर पडूच देत नाही.

यंदा आई आमच्याबरोबर धुळ्याला आली. निघण्यापूर्वी कड्या आणि साखळी तीच तपासते. दुपारी छज्जाखाली तिला निवांत झोप लागली. आता तिची नवी मागणी आहे: जळगावच्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीलाही असाच छज्जा हवा.