कढीपत्त्याची पानं कोण खातं?

‘कढीपत्त्याला अळी लागली, काय फवारू?’ गॅलरीत बाग करणारे पावसाळ्यात हमखास विचारतात. काहीही फवारू नका. ती अळी बहुधा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची असते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, म्हणून पक्ष्यांच्या नजरेतून सुटते. पुढे हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते.

मादी पानावर उतरून पुढच्या पायांनी ते थोपटते. चव ओळखणारी इंद्रियं तिच्या पायांतच असतात. कढीपत्ता, लिंबू, बेल ही एकाच कुळातली झाडं, आणि ओळखीची रसायनं सापडली तरच ती अंडं घालते. किडीपासून वाचायला वनस्पतींनी ही रसायनं घडवली, काही कीटकांनी ती पचवायची युक्ती साधली. पॉल एर्लिख आणि पीटर रेव्हन यांनी ही जुगलबंदी १९६४ साली मांडली. नर्सरीतल्या परदेशी फुलझाडांवर फुलपाखरं मध प्यायला येतीलही, पण अंडी घालायला त्यांना ओळखीचंच झाड लागतं.

या कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या कॉमन रोझ या दुसऱ्याच फुलपाखराचा वेश घेतात. कॉमन रोझच्या अळ्या ईश्वरीच्या कुळातल्या वेली खातात, त्यामुळे ते विषारी असतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. हे वेशांतर ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाच्या हाती आहे, असं कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं. आपल्या फोडणीच्या झाडावर वाढणारा जीव जगाच्या विज्ञानात इतका मोलाचा आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जागा असेल तर कढीपत्त्याशेजारी पांढऱ्या फुलांचा चित्रक लावा. झेब्रा ब्लू हे नखाएवढं फुलपाखरू त्याच्या कळ्यांवर अंडी घालतं. खुळखुळ्याचं बी रात्रभर भिजवून पेरा. प्लेन टायगर या फुलपाखराचे नर त्यातली अल्कलॉइडं शोषायला येतात आणि त्यांपासून मादीला भुलवणारा गंध बनवतात. तुळशीच्या मंजिऱ्या लगेच खुडू नका, सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांना त्या हव्या असतात. खुळखुळ्याच्या शेंगा आणि चित्रकाचं मूळ मात्र मुलांपासून दूर ठेवा. शेंगा विषारी, मूळ कातडी पोळणारं.

नर्सरीतून रोप घेताना त्यावर कीटकनाशक मारलंय का, हे आवर्जून विचारा. काही औषधं झाडाच्या रसात भिनतात, पानं धुतली तरी जात नाहीत आणि अळ्या मरतात. शक्यतो बियांपासून किंवा ओळखीच्यांच्या झाडाच्या फुटव्यापासूनच सुरुवात करा.

यंदा एक कढीपत्ता स्वयंपाकासाठी लावा, आणि दुसरा अळ्यांसाठी.